भरल्याला वाट

१

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सूसच्या जुन्या गावात, तांबटगल्लीच्या टोकाला एक ठेंगणं दार आहे. दाराआड अठ्ठावन्न पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की पाणी. गावाचं जुनं टाकं. हजार वर्षांचं आहे म्हणतात. मोजायला कोण गेलं होतं. आता ते पाणी कोणी पीत नाही. लोक ते बघायला येतात. बोटीतून, बसमधून, टोप्या घालून, अंगाला मलम चोपडून येतात, खाली उतरतात, अंधारातलं पाणी बघतात आणि धापा टाकत वर येतात. घरी बादली भरून दिवा घालवला असता तरी तेच दिसलं असतं. पण एवढ्या लांबून आल्यावर माणसाला काहीतरी बघितल्यासारखं करावंच लागतं.

दारात शादली बसायचा. एकोणीस वर्षं तीच खुर्ची. अर्धी उंबऱ्यावर, अर्धी आत, कारण टाक्यातून वर येणारी गार हवा त्याला पाठीवर लागायला हवी असे. त्यामुळे वाट अडायची. कोणी वर आलं की उठायचं, खुर्ची ओढायची, माणूस गेला की पुन्हा लावायची. कचेरीतल्या साहेबानं तीनदा सांगितलं, खुर्ची बाहेर घ्या. शादली तीनदा हो म्हणाला आणि बसून राहिला.

जिना एका माणसापुरता होता, तोही अंग चोरून चालला तर. दोन वळणं घेऊन खाली जायचा. बरोबर मध्यावर भिंतीत माणूसभर उंचीचा एक कोनाडा होता. नळ येण्याआधी या जिन्यावरून पखालवाले चढ-उतार करत, त्यांच्यासाठी तो कोरला होता. नियम असा की भरल्याला वाट. खालून पखाल भरून चढणारा ओरडणार, ‘बालेक’, म्हणजे वाट सोड. रिकाम्या हातानं उतरणाऱ्यानं लगेच कोनाड्यात शिरायचं, तोंड भिंतीकडे करायचं आणि ओझं पाठीवरून घासत जाऊ द्यायचं. कोण गेलं ते बघायचं नाही. बघायला मान वळवली की खांदा बाहेर येतो, आणि खांद्याला पखाल अडली की दोघं गडगडत पाण्यात.

पखालवाले गेले, पण सवय गावाच्या अंगात राहिली. गल्लीत गाद्या वाहणारा असो, हातगाडीवाला असो, मागून ‘बालेक’ आलं की सूसचा माणूस न बघता भिंतीला लागतो. परदेशी माणूस वळून बघतो आणि कपाळ फोडून घेतो.

खाली, पाण्याच्या कठड्यापाशी, बुरावी बसायचा. हा शादलीच्या बायकोचा, नजियाचा भाऊ, राहायलाही त्यांच्याच घरी. दिव्यांची बटणं त्याच्या ताब्यात. पाठ केलेली वीस फ्रेंच वाक्यं तो दिवसाला दहा वेळा म्हणायचा, मग पाण्यात खडा टाकून लोकांना आवाज ऐकवायचा. एक वाजला की जेवायला वर यायचा. वर येताना हातात काही नसलं तरी शेवटच्या वळणावर ‘बालेक’ म्हणायचाच, आणि शादलीही उठून खुर्ची ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचा. दोन म्हाताऱ्यांचा खेळ होता तो.

‘‘काय दिलंय बहिणीनं?’’

‘‘जे दिलंय ते खा.’’

‘‘म्हणजे करपलंय.’’

‘‘तुझीच बहीण. मी पस्तीस वर्षं खातोय, मेलो का?’’

‘‘मेला नाहीस म्हणून तर काळजी वाटते, सी शादली. पोट लोखंडाचं झालं असणार.’’

‘सी’ म्हणजे साहेब. थट्टेत आला की बुरावी त्याला साहेब करायचा.

जेवण झालं की दोन वाजता बुरावीची छातीची गोळी. ती शादलीच्या पिशवीतच असे, कारण बुरावीकडे ठेवली की ओलीनं विरघळायची, किंवा तो विसरायचा. डॉक्टरनं नजियाला बजावून सांगितलं होतं, एक दिवस चुकली तरी चालणार नाही. नजियानं ते शादलीला बजावलं, आणि डॉक्टरपेक्षा जास्त जोरात बजावलं. तिला हा एकच भाऊ उरला होता.

२

जुलैतला मंगळवार होता. इटलीची एक टोळी साडेबाराला वर आली आणि गल्ली मोकळी झाली. तांबटांचे हातोडे थांबले. एक वाजला आणि जिन्यातून ‘बालेक’ आलं.

शादली उठला, खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड केलं. पाठीला कापड घासून गेलं. ओल्या चुन्याचा वास आला. टाक्यातून वर येणाऱ्याला तो येतोच, पण आज जास्त होता. शादली वळला तेव्हा बुरावी समोरच्या दगडी बाकावर बसलेला होता. उन्हात.

हे शादलीच्या लगेच ध्यानात आलं. अंधारातून वर आलं की बुरावीच्या डोळ्यांना धारा लागायच्या. तो नेहमी कमानीखालची सावली धरायचा आणि सावलीतसुद्धा शिव्या द्यायचा. आज तो भर उन्हात बसला होता आणि त्याचे डोळे सताड उघडे होते.

‘‘तिकडे कशाला बसलास? भाजशील.’’

‘‘बरं आहे.’’

शादलीनं डबा उघडला. पाव, मासा, जैतुनाची फळं, वर हरीसाचा लाल गोळा. हरीसा, म्हणजे मिरचीचा ठेचा, घरचा, नजियाच्या हातचा, जाळ काढणारा. बुरावीनं पाव मोडला, हरीसात बुडवला आणि खाल्ला. नावं ठेवली नाहीत. पाणी मागितलं नाही. कपाळावर घामाचा थेंब नाही.

‘‘आज करपलं नाही वाटतं,’’ शादली म्हणाला.

‘‘चांगलं आहे.’’

एकोणीस वर्षांत हा शब्द त्या तोंडातून निघाला नव्हता. भांडण झालंय का घरी, शादलीनं मनात चाचपलं. काल रात्री तर पत्ते खेळून हसत झोपला होता.

आणि तेवढ्यात, बुरावी समोर बसून चावत असताना, खालून आवाज आला.

‘‘बालेक.’’

शादलीचा हात डब्यात राहिला. त्यानं बुरावीकडे पाहिलं. तोंड बंद होतं, जबडा हलत होता, गालात घास फिरत होता.

जिन्यात आवाज घुमतो. मोठा भुयारी दगड आहे, खाली पाणी आहे, पंधरा वर्षांपूर्वी एका जर्मन बाईचं हसणं ती बाहेर आल्यावरही ऐकू आलं होतं. पण तेव्हा ती बाहेर येऊन दहा पावलं गेली होती, फार तर. बुरावीला वर येऊन पाव तास झाला होता.

‘‘बालेक.’’ पुन्हा. आता जवळून. आणि पायऱ्यांवर टाचा. जड, दमलेल्या, एक एक. शेवटच्या वळणापर्यंत आल्या आणि थांबल्या. कोणीतरी वाट मिळायची वाट बघत उभं राहिलं. श्वास ऐकू येत होता.

शादली खुर्चीत बसून राहिला. मागं वळून बघायला हवं होतं. चार पायऱ्या वाकून बघितलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण मान वळेना. भीतीनं म्हणावं तर भीती अजून पुरती आलीच नव्हती. समोर बुरावी बसलाय, मग मागं कोण असणार, कोणी नाही, आणि कोणी नाही ते कशाला बघायचं, असा त्याचा हिशोब चालला होता.

तिसऱ्यांदा आवाज आला. रागावलेला. मग टाचा परत खाली गेल्या.

बुरावीनं तोंड पुसलं. ‘‘जातो,’’ म्हणाला.

‘‘गोळी.’’

‘‘नको.’’

शादलीनं खुर्ची ओढली. तो आत गेला. शादली कान देऊन बसला. एकोणीस वर्षं ऐकून बुरावीची उतरण त्याला पाठ होती, तळाला पोचल्यावर तो एकदा खाकरायचा. पावलं पहिलं वळण उतरली. एकोणतिसाव्या पायरीच्या आसपास थांबली. पुढं वाजली नाहीत. खाकरणं आलं नाही.

३

तीन वाजता सलवा आली. ही वाटाडी, पस्तिशीची, जिभेला धार. मागे मार्सेलचे वीस म्हातारे-म्हाताऱ्या.

‘‘अम्म शादली, खुर्ची काढा, नाहीतर तुम्हालाच पुराणवस्तू म्हणून दाखवीन.’’ गावात वडीलधाऱ्याला अम्म, म्हणजे काका, म्हणतात. सलवा ते टोमण्यासारखं म्हणायची.

‘‘आज बंद आहे.’’

‘‘का?’’

‘‘दिवा बिघडलाय.’’

तिनं वाकून आत बघितलं. खाली पिवळा उजेड दिसत होता. ‘‘तुमच्या डोक्यातला बिघडला असेल. बाजूला व्हा.’’

शादली बाजूला झाला. वीस माणसं खाली जाताना त्यानं पाहिली आणि त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एवढी माणसं गेल्यावर जिन्यात दुसरं काही राहायला जागाच उरत नाही.

अर्ध्या तासानं सगळे वर आले. हसत, दमत, एकमेकांना ‘बालेक, बालेक’ म्हणत. शेवटी सलवा आली, रुमालानं मान पुसत.

‘‘हे चांगलं केलंत हां. कोणाची कल्पना?’’

‘‘काय?’’

‘‘कोनाड्यातला माणूस. निळा कोट घालून, तोंड भिंतीला लावून उभा. अगदी जुन्या पखालवाल्यांसारखा. जराही हलला नाही. माझ्या लोकांनी मोबाइलच्या झोतात फोटो काढले. नवीन ठेवलाय का?’’

निळा कोट शादलीकडे होता आणि बुरावीकडे होता. कचेरीनं दोघांनाच दिला होता.

‘‘आणि बुरावीकाका तुमच्यावर तापलेत,’’ सलवा म्हणाली. ‘‘म्हणे, जेवायला वर आलो, तीन वेळा बालेक म्हटलं, आणि हा गडी खुर्चीत बसून कोणाबरोबर तरी माझंच जेवण खात होता, वळूनसुद्धा बघितलं नाही. उपाशी बसलेत खाली. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर वर. तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, त्या कोनाड्यातल्या माणसाला आधी हलू दे. शादलीला सांग, थट्टा पुरे झाली.’’

‘‘अजून काय म्हणाला?’’

‘‘छातीवर हात दाबून बसले होते. भुकेनं असेल. जेवायला घाला हो त्यांना, कंजूषपणा किती करायचा.’’

बस उभी होती, ती गेली. शादलीनं पिशवीत हात घालून गोळ्यांची पट्टी काढली. मंगळवारची गोळी तिथंच होती. साडेतीन वाजले होते.

४

तो दारात वाकला. दोन्ही हातांनी चौकट धरली.

‘‘बुरावी.’’

‘‘काय आहे?’’ लगेच उत्तर आलं. चिडकं, भुकेलं. हा बुरावीच. ती कुरकुर दुसऱ्या कोणाला जमणार नाही. पण हा जर खाली होता, तर हरीसा कोणाच्या पोटात गेला.

‘‘वर ये. गोळी घे.’’

‘‘आता आठवली? तू आधी कोनाड्यातनं नीघ. दोन वाजल्यापासून तोंड लपवून उभा आहेस, लाज वाटत नाही? म्हातारा झालास.’’

‘‘मी कोनाड्यात नाही.’’

‘‘मग कुठं आहेस?’’

‘‘वर. दारात.’’

पाण्यात छतावरून पडणारा थेंब वर ऐकू आला.

‘‘शादली,’’ बुरावी म्हणाला, आणि आता आवाज बारीक झाला होता, ‘‘थट्टा करू नकोस. माझी छाती आवळलीय.’’

‘‘नाही करत.’’

‘‘वर जाताना लोकांनी फोटो काढले, त्या उजेडात वळणावरून बघितलं मी. पाठ तुझी आहे. टक्कल तुझं आहे.’’

‘‘मी दारात आहे, तुझ्या आईची शपथ.’’

पुन्हा थेंब.

‘‘हा हलला,’’ बुरावी म्हणाला. ‘‘तू बोललास ना आत्ता, कोट भिंतीला घासल्याचा आवाज आला. ऐकत होता.’’

शादली मागं सरकला आणि खुर्चीवर आपटला. गल्लीत कोणी नव्हतं. जुलैत दुपारी गाव झोपतं, दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, मांजरसुद्धा उन्हात येत नाही. कोणाला हाक मारायची? आणि सांगायचं काय? माझा मेव्हणा जेवून खाली गेला आणि तो अजून जेवलेला नाही. ऐकणारा आधी शादलीलाच पाणी पाजेल. नजियाला फोन करावा म्हणून त्यानं खिशातून काढला आणि परत ठेवला. ती पळत येईल, आणि आल्याबरोबर भावासाठी जिना उतरेल. ते नको.

हे सगळं खोटं असू शकतं, तो स्वतःला म्हणाला. कोणी टवाळ पोरगा कोट चोरून उभा असेल. टोळीतला एखादा मागं राहिला असेल. ऊन लागून बुरावी जेवलेलं विसरला असेल. तीन कारणं सापडली. एक सापडलं असतं तर धीर आला असता. तीन सापडल्यावर तिन्ही फुटकी वाटू लागली.

गोळी मात्र खरी होती. हातात होती.

तो उठला आणि पायरीवर पाय ठेवला, आणि ठेवल्याबरोबर उचलला. रिकाम्या हातानं उतरताना खालून कोणी ‘बालेक’ म्हटलं तर कोनाड्यात शिरावं लागेल. आणि कोनाडा रिकामा नव्हता.

दाराशी उंबरा धुवायचा पांढरा कॅन होता, वीस लिटरचा. शादलीनं तो नळाखाली गळ्यापर्यंत भरला, कण्हत खांद्यावर घेतला. आता तो भरला होता. वाट त्याची होती. पाणी घेऊन टाक्यात उतरणारा माणूस या गावानं बघितला नसेल, पण नियमात उतरायचं की चढायचं हे कोणी लिहिलेलं नाही. भरल्याला वाट, एवढंच आहे.

५

‘‘बालेक,’’ तो म्हणाला आणि उतरू लागला.

दर पायरीला म्हणत राहिला. स्वतःचाच आवाज पुढं जाऊन वळणावर आपटत होता. वरचा दिवा मागं राहिला. मधल्या टप्प्यावर दिवा नव्हता. ओलीनं टिकायचा नाही म्हणून लावणं सोडलं होतं. खालचा पिवळा उजेड अजून वर पोचत नव्हता. विसाव्या पायरीनंतर शादलीला फक्त हाताखालची भिंत होती आणि खांद्यावरचं डुचमळणारं पाणी.

ओल्या चुन्याचा वास आला.

‘‘बालेक.’’

एकोणतिसावी पायरी. त्यानं आपलं अंग समोरच्या भिंतीला घासत नेलं, जेवढं नेता येईल तेवढं. तरी पाठीला पाठ लागली. त्याला वाटलं होतं गार लागेल. गार असती तर बरं झालं असतं. ती उबदार होती, घामेजलेली, म्हाताऱ्या माणसाची असते तशी, आणि श्वासाबरोबर फुगत होती. शादलीनं भीतीनं श्वास धरला. ती पाठही थांबली. त्यानं सोडला, तिनंही सोडला.

तो पुढं निघाला. बघितलं नाही. उरलेल्या पायऱ्या कशा उतरला ते त्याला कळलं नाही.

बुरावी कठड्याला टेकून बसला होता. चेहरा पिठासारखा, मिशा घामानं चिकटलेल्या, एक हात कोटाच्या आत. शादलीनं कॅन खाली ठेवला, गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, ओंजळीनं पाणी पाजलं.

‘‘टाक्यात पाणी घेऊन आलास?’’ बुरावी थोड्या वेळानं म्हणाला. ‘‘इथं कमी होतं का?’’

‘‘बोलू नकोस.’’

‘‘नजियाला सांगतो. म्हणावं, नवऱ्याला डॉक्टरला दाखव.’’

शादलीला हसू आलं आणि हसताना डोळे भरून आले. हा बुरावी. हाताला धरला तर हाडं लागत होती, तोंडाला उपाशी वास येत होता. याला वर न्यायचं, उन्हात बसवायचं, शिव्या खायच्या. एवढंच काम उरलं होतं.

‘‘ऊठ.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तो वाट देतो,’’ शादली म्हणाला. ‘‘मला दिली.’’

बुरावीला एकट्याला चढवेना. गुडघे वाकत होते. शादलीनं त्याला पुढं घातलं आणि मागून दोन्ही हातांनी कंबरेला रेटा दिला. दोन हात त्यातच गेले. कॅन कठड्यापाशी राहिला.

६

चढताना बुरावीच म्हणत होता, दर दोन पायऱ्यांना, ‘‘बालेक’’. धाप मध्ये यायची, शब्द अर्धा तुटायचा. शादली मोजत होता. तळापासून पंचवीस. सव्वीस. पुढच्या अंधारात कोनाडा असणार होता.

बुरावी थांबला. त्यानं हात लांब करून चाचपलं.

‘‘कोणी नाही.’’

‘‘नीट बघ.’’

‘‘हात भिंतीला लागला, म्हणतोय ना. रिकामा आहे.’’

दोघं उभे राहिले. मग बुरावी हलकं हसला. ‘‘गेला. तुझं तोंड बघून गेला.’’

‘‘वर गेला असेल तर गल्लीत निघून गेला असेल,’’ शादली म्हणाला. ‘‘चल.’’

वर नाहीतर खाली, जिन्याला तिसरी दिशा नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

कोनाड्याच्या पुढं भिंतीत लोखंडी दांडी सुरू होते. बुरावीनं ती धरली. गोळी लागू पडली असावी, त्याचा श्वास जरा सुटा झाला होता. तो स्वतःच्या जोरावर एक पायरी चढला, मग दुसरी, मग तिसरी. वळणावर वरचा उजेड त्याच्या टाचांवर पडलेला शादलीला दिसला. शादलीनं कोनाड्यापाशीच थांबून हात खाली घेतले, गुडघ्यांवर टेकवले, एक दम घेतला. आणायचं होतं ते आणलं होतं. संध्याकाळी नजियाला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात आला.

मागं पाणी डुचमळलं.

टाक्यातलं नाही. भांड्यातलं. भरलेल्या कॅनमधलं, दर पायरीला एकदा.

आणि टाचा. जड, ओझ्याखाली दबलेल्या.

‘‘बालेक,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

शादली सूसचा होता. चालायला लागायच्या आधी तो हे शिकला होता. आईच्या कडेवर असताना आईनं त्याच्यासकट भिंतीला अंग लावलं होतं. विचार यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत पाय वळला, अंग वळलं, छाती कोनाड्यात गेली, कपाळ दगडाला टेकलं. मग विचार आला. तोवर पाठीवरून ओला कोट घासायला लागला होता. थंड पाणी त्याच्या पोटरीवर सांडलं.

मान न वळवता, काखेतून, खालच्या अंगाला त्यानं बघितलं. डोळे अंधाराला सरावले होते, वळणावरचा उजेड तिथवर थोडासा जाणवत होता. एक पायरी आणि पायरीवर पाऊल. प्लास्टिकची सपात, अंगठ्याजवळ तुटलेली, तपकिरी सुतळीनं दोनदा गुंडाळून बांधलेली. ती सुतळी त्यानं रविवारी स्वतःच्या सपातेला बांधली होती, घरच्या पायरीवर बसून.

पाऊल वर उचललं गेलं.

‘‘कुठं राहिलास?’’ वरून बुरावीचा आवाज आला.

‘‘आलो. कॅन राहिला होता खाली.’’

‘‘मरू दे तो कॅन. हात दे.’’

‘‘हा घे.’’

शादलीनं तो आवाज ओळखला. स्वतःचा आवाज बाहेरून असा लागतो, हे त्याला एवढ्या वयात पहिल्यांदा कळलं. त्यानं ओरडायला तोंड उघडलं, पण ओठ दगडाला लागलेले होते. मागं सरावं म्हणून पाय उचलला. पाय उचलला गेला, आणि परत होता तिथंच येऊन टेकला. भिंतीत कपाळाएवढी एक गुळगुळीत खळी होती. खाली नाकासाठी खाच होती, दोन्ही बाजूंना तळहातांच्या जागा झिजलेल्या होत्या. त्याचे हात त्यात नेमके बसले.

वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

‘‘माझ्या वाटणीचं ठेवलंयस का काही?’’ बुरावी विचारत होता. त्याची धाप थांबली होती. सावलीत बसला असणार.

‘‘पाव आहे. थोडा हरीसा आहे.’’

‘‘करपलेला असेल.’’

‘‘नाही,’’ तो आवाज म्हणाला. ‘‘चांगलं आहे.’’

बुरावीच्या लक्षात येईल, शादलीला वाटलं. आता येईल. तो श्वास धरून थांबला. वर पाव मोडला गेला, कोणीतरी चावायला लागलं. बुरावीनं काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले. मग बुरावी म्हणाला, चल, घरी जाऊ, नजिया वाट बघत असेल. वरचं बटण खटकन वाजलं. दार ओढलं गेलं, कुलूप फिरलं. गल्लीतून चार पावलं जोडीनं लांब जात राहिली, आणि मग तीही ऐकू येईनात.

बुरावी वर पोचला होता. त्यासाठीच तर तो उतरला होता.

अंधारात उभं राहून त्यानं एकदा ‘बालेक’ म्हणून बघितलं. शब्द दगडाशीच विझला. रिकाम्या माणसाचा तो शब्द नाही. खाली एकोणतीस पायऱ्यांवर पाणी होतं, गावाला पुरलं असतं एवढं. ते भरून घ्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं.